सहा दुकानांचा एक कॉम्प्युटर

गडहिंग्लजच्या वैशालीताईंचं (नाव बदललं आहे) पत्र थोडक्यात असं:

“घराच्या पुढच्या खोलीत मी डीटीपी आणि लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करते. पत्रिका, शाळांचे अहवाल, पतसंस्थेची पत्रकं, सगळंच. शाळांना पक्कं बिल लागतं म्हणून जीएसटी नंबरही काढलाय. कॉम्प्युटर नऊ वर्षांचा झाला. अल्बमचं एक पान सेव्हला लावलं की मी चहा टाकून येते, तरी ते चालूच असतं. नवीन घ्यायला ७०,००० रुपये बाजूला ठेवलेत. पुण्याच्या भावाने एक वेबसाइट दाखवली. तिथे पार्टचं नाव टाकलं की कुठल्या दुकानात काय रेट आहे ते एका खाली एक दिसतं. दोन आठवडे बसून मी यादी केली, प्रत्येक पार्ट जिथे सगळ्यांत स्वस्त तिथून. आठ पार्ट, सहा दुकानं. इथल्या दुकानदाराच्या कोटेशनपेक्षा ६,४०० रुपये कमी पडतात. मिस्टर म्हणतात इथूनच घे, उद्या बंद पडला तर कुणाला धरणार? दुकानदार म्हणतो, बिल नको असेल तर अजून २,००० सोडतो. भाऊ म्हणतो, वेबसाइट खोटं कशाला सांगेल? यादी आणि कोटेशन दोन्ही सोबत जोडलंय. काय करू?”

वैशालीताई,

यादी बघून आधी बरं वाटलं. बावीस वर्षं मी कॉम्प्युटर जुळवतोय, पण रेट, दुकान आणि तारीख अशा तीन रकान्यांत लिहून आणणारं गिऱ्हाईक क्वचितच भेटतं. तारीख लिहिलीत हे तर फारच चांगलं केलंत, ते का ते पुढे सांगतो. रविवारी संध्याकाळी तुमची यादी आणि कोटेशन शेजारी ठेवून एकेक ओळ लावून पाहिली.

पहिली ओळ प्रोसेसरची. तिथेच थांबलो.

तुम्ही घेतलाय इंटेलचा आय५-१२४००एफ, ‘ट्रे’. दुकानदाराने लिहिलाय आय५-१२४००, बॉक्स. वेबसाइटवर दोन्ही एकाखाली एक येतात, नावात एका अक्षराचा फरक, आणि एफवाला स्वस्त. साहजिकच तुम्ही तो उचललात. पण इंटेलच्या नावात शेवटी एफ असला की त्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स, म्हणजे मॉनिटरवर चित्र पाठवणारा भाग, चालत नाही. त्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतंच. तुमच्या आठ पार्टांत ग्राफिक्स कार्ड कुठेच नाही. म्हणजे आठही पार्सलं आली असती, सगळं नीट जोडलं असतं, पंखे फिरले असते, कॅबिनेटचा लाइट लागला असता आणि मॉनिटर काळाच राहिला असता. आमच्या भाषेत ‘डिस्प्ले येत नाही’. आणि त्यात कुठल्याच दुकानाची चूक नसती. तुम्ही मागितलं तेच त्यांनी पाठवलं असतं.

दुसरा शब्द ‘ट्रे’. कंपन्यांना ठोक पुरवठा होतो तो माल ट्रेमधून येतो. तोच सुटा करून विकतात. त्याबरोबर पंखा येत नाही आणि वॉरंटी इंटेलची नसते, दुकानाची असते, तीही बहुधा कमी मुदतीची. बॉक्सवर इंटेल स्वतः ३ वर्षांची वॉरंटी देतं आणि या प्रोसेसरच्या बॉक्समध्ये पंखाही असतो. हा फरक रेटच्या रकान्यात दिसत नाही. तो बारीक अक्षरात, पान उघडून खाली गेलात तर दिसतो. तुमच्या यादीत एफ-ट्रेच्या जागी साधा १२४०० बॉक्स घातला, तर तुमच्याच वेबसाइटच्या रेटने ३,१०० रुपये वाढतात. आता ६,४०० चे ३,३०० झाले.

पुढे मदरबोर्ड, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात तो बोर्ड, आणि रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन जाती. बाराव्या पिढीचे हे इंटेल प्रोसेसर डीडीआर४ बरोबरही चालतात आणि डीडीआर५ बरोबरही. मदरबोर्ड मात्र एका वेळी एकच जात घेतो. तुम्ही निवडलेला बी७६० चा बोर्ड डीडीआर५ चा आहे आणि रॅम घेतलीय डीडीआर४. दोन्हींच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे रॅम बसणारच नाही. जोर लावून बसवायला गेलात तर स्लॉट तुटेल. त्याच बोर्डाचा डीडीआर४ प्रकारही मिळतो. नावात शेवटी बहुधा ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असं असतं. दुकानदाराने तोच लिहिलाय. रेट जवळपास सारखा, म्हणून इथे हिशोबात काही धरत नाही.

हे दोन्ही घोटाळे तुमच्या अज्ञानामुळे झालेत असं कृपा करून समजू नका. वेबसाइटला तुम्ही विचारलं ‘हा पार्ट कुठे स्वस्त?’ आणि तिने तेवढंच सांगितलं. ‘हे आठ पार्ट एकमेकांशी जुळतात का?’ हे तपासणारी वेबसाइट वेगळी असते. अमेरिकेची पीसीपार्टपिकर त्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे एकेक पार्ट निवडत गेलात की न जुळणारे पार्ट ती आपोआप गाळते, एकूण किती वॅट लागतील ते सांगते, आणि ‘या बोर्डाचा बायोस कदाचित आधी अपडेट करावा लागेल’ असा इशाराही देते (बायोस म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर). तिथले डॉलरमधले रेट आपल्या कामाचे नाहीत, ते सोडून द्या. यादी तिथे जुळवून घ्यायची आणि रेट इथले बघायचे. आपल्याकडे पीसी प्राइस ट्रॅकरसारख्या साइटवर भारतातल्या दुकानांचे रेट एकत्र दिसतात.

आता तुमच्या यादीतलं सहावं दुकान, एसएसडीवालं (एसएसडी म्हणजे फाइली साठवणारी वेगवान डिस्क). बाकी पाच ठिकाणी त्या एसएसडीचा रेट शंभर-दोनशेच्या फरकाने सारखा आहे आणि हे एकटं ९०० रुपयांनी खाली. मी त्यांची साइट उघडली. पत्ता नाही. जीएसटी नंबर नाही. एक व्हॉट्सअ‍ॅप नंबर, आणि पैसे फक्त यूपीआयने, आधी. ताई, इथे एक रुपयाही पाठवू नका. ते दुकान खरं असेलही, पण खरं आहे हे दाखवायला त्याने काहीच ठेवलेलं नाही. तुलना करणाऱ्या साइटवर नाव आलं म्हणजे कुणी जाऊन दुकान बघून आलंय असं नसतं. रेट मशीन गोळा करतं.

दुकान तपासायची एक सोपी रीत आहे. साइटवर खाली जीएसटी नंबर शोधायचा. तो १५ अक्षर-अंकांचा असतो, पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, दिल्लीचा ०७, पश्चिम बंगालचा १९. तो नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये टाकला की धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द झालीय ते दिसतं. दुकान म्हणतं ‘मुंबई’ आणि नंबर सुरू होतो दुसऱ्याच राज्याने, किंवा नोंदणी दोन महिन्यांपूर्वीची, असं असेल तर सरळ पुढचं दुकान बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे.

हे ९०० रुपये वजा केले. ३,३०० चे २,४०० उरले.

मग उरलेल्या पाचही दुकानांच्या साइटवर मी ४१६५०२ हा तुमचा पिनकोड टाकून पैसे भरायच्या पानापर्यंत गेलो. तुलना साइटवर डिलिव्हरीचा खर्च जवळपास कधीच धरलेला नसतो, कारण तो पिनकोडवर ठरतो. प्रोसेसर आणि रॅमला किरकोळ लागतो. कॅबिनेट आणि मॉनिटरला मात्र चांगलाच. पाचही मिळून १,४८० रुपये झाले. शिवाय एका दुकानाचा रेट बँक ट्रान्सफरचा आहे. कार्डने भरलं तर २ टक्के वर. तो मी धरतच नाही. राहिले ९२०. सगळं आल्यावर जोडायला कुणीतरी लागणार, तुमच्याकडे त्याचे ७०० तरी घेतील. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये जोडणी धरलेली आहे.

दोन आठवड्यांच्या मेहनतीचे उरले २२० रुपये.

आणि ते २२० वाचवून तुम्हाला मिळणार पाच दुकानांची पाच बिलं, पाच वॉरंट्या आणि पाच फोन नंबर. याचा अर्थ काय होतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे पाच दुकानांतून मागवलेले पार्ट घेऊन आला. स्वतः जोडले होते, डिस्प्ले येत नव्हता. मी रॅम बदलून पाहिली, एसएमपीएस (आतल्या पार्टना वीज देणारा डबा) बदलून पाहिला, काही नाही. त्याने रॅमवाल्याला फोन केला, तो म्हणाला बोर्ड गेलाय. बोर्डवाला म्हणाला प्रोसेसर तपासा. मी प्रोसेसर उचलला आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तो बसतो त्या सॉकेटमध्ये पाहिलं. इंटेलच्या बोर्डात पिना सॉकेटमध्ये असतात, शेकड्यांनी, सगळ्या एका दिशेला झुकलेल्या, शेतातल्या सरींसारख्या. प्रकाश तिरका पडला की सगळ्या एकसारख्या चमकतात. कोपऱ्यातल्या दोन चमकत नव्हत्या. त्या वाकलेल्या होत्या. वाकल्या कुठे? दुकानात, वाटेत, की पोराच्या हातून? ते कुणालाच सिद्ध करता येईना, आणि वाकलेल्या पिनेवर वॉरंटी मिळत नाही. तीन आठवडे तो या दुकानातून त्या दुकानात मेल पाठवत बसला. शेवटी बोर्ड नवा घेतला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो, कारण ते पैसे त्याच्या आईने भिशीतून काढून दिले होते.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला लॅमिंग्टन रोडवर चांगल्या काउंटरवरचा मुलगा बोर्डाचं सील तुमच्यासमोर फोडतो, सॉकेटवरचं झाकण वर करतो, टॉर्च मारून तुम्हाला दाखवतो आणि मगच बिल करतो. ते वीस सेकंद म्हणजे दोघांचाही विमा. ऑनलाइन घेताना तो मुलगा समोर नसतो, म्हणून ते काम आपल्याला करावं लागतं: खोका न फोडता टेबलावर ठेवायचा, दुसऱ्याने मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करायचं, पत्त्याचं लेबल आणि सगळ्या बाजूंची टेप दाखवायची, मग न थांबता फोडायचा, सिरीयल नंबर आणि सॉकेट जवळून दाखवायचं. मध्ये कट नको. हे आता बरीच दुकानं तक्रारीसाठी मागतातच.

आता भावाच्या बाजूचं. वेबसाइट खोटं सांगत नाही, हे त्याचं म्हणणं मला मान्य आहे. अशा साइट मी रोज उघडतो. ही युक्ती तशी जुनी आहे. जपानमधली काकाकू डॉट कॉम १९९७ पासून चालते. टोकियोच्या अकिहाबारा भागात दुकानं खेटून खेटून आहेत, कॉम्प्युटरच्या पार्टचे रेट दुकानागणिक वेगळे. ते फिरून गोळा करणाऱ्या एका तरुणाने ते इंटरनेटवर टाकायला सुरुवात केली. काकाकू म्हणजेच किंमत. त्याआधी पाच दुकानं पायी फिरल्याशिवाय गिऱ्हाइकाला रेट कळत नव्हता. दुकानदाराला मात्र सगळे रेट पाठ असायचे. ती बाजू समान करणं हे या साइटचं खरं काम, आणि ते त्या चोख करतात.

फक्त त्यांचं पोट कशावर चालतं ते माहीत असू द्या. बहुतेक तुलना साइटना दुकानाकडून कमिशन मिळतं. तुम्ही तिथल्या लिंकवरून गेलात आणि घेतलंत, की त्यांचा वाटा. तुमच्या खिशातून वेगळं काही जात नाही, त्यात गैरही काही नाही. पण ज्या दुकानाशी तसा करार नाही किंवा ज्याची साइटच नाही, ते यादीत दिसत नाही. तुमच्या गडहिंग्लजचा दुकानदार तिथे नाही, म्हणजे तो महाग आहे असं ठरत नाही. शिवाय रेट दिवसातून काही वेळाच ताजे होतात. ‘इन स्टॉक’ लिहिलंय आणि आत गेल्यावर ‘प्री-ऑर्डर’, हे तुम्हीही अनुभवलं असेल.

या साइटवर मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो किमतीचा आलेख, म्हणजे तीन महिन्यांत, सहा महिन्यांत हा पार्ट कितीला होता ती रेघ. अ‍ॅमेझॉनसाठी कीपा नावाची साइट हे दाखवते. छापील किंमत फुली मारून शेजारी ‘४५ टक्के सूट’ लिहिलेलं असतं, त्याकडे बघूच नका. पार्टच्या खोक्यावरच्या एमआरपीला कुणीच विकत नाही. सेलच्या आधी रेट चढवून सेलमध्ये उतरवला असेल तर रेघेत तो टेंगूळ स्पष्ट दिसतो. दसरा-दिवाळीला घेणाऱ्यांनी तरी ही रेघ बघितल्याशिवाय घेऊ नये.

म्हणूनच तुम्ही यादीत तारीख लिहिलीत ते मला आवडलं. विशेषतः रॅमसाठी. २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी इतकी लागू लागली की बनवणाऱ्या मोजक्या कंपन्यांनी माल तिकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला घरगुती ग्राहकांचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याआधीच्या व्हिडिओत ‘इतक्यात मस्त पीसी’ म्हणून जी यादी दाखवतात, तिच्यातला रॅमचा आकडा आता विसरायचा. तुमच्या यादीतही रॅमचा रेट अकरा दिवस जुना आहे. पत्र लिहिताना मी पाहिला, तो बदललाय.

आणि यातून तुमचा खरा फायदा निघू शकतो. नऊ वर्षांपूर्वीचं मशीन, म्हणजे त्यात डीडीआर४ रॅम असण्याची चांगली शक्यता आहे. विंडोज १० किंवा ११ असेल तर टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये मेमरीवर क्लिक करा, वेग दिसेल. २१३३ किंवा २४०० असा आकडा असला तर ती बहुतेक डीडीआर४. नक्की करायचं तर मशीन बंद करून वायर काढून झाकण उघडा आणि पट्टीवरचं लेबल वाचा. ‘पीसी४’ लिहिलेलं असेल. ती काढून डीडीआर४ च्या नव्या बोर्डात घालता येईल. जुनी आणि नवी एकत्र लावली तर दोन्ही जुनीच्या वेगाने चालतील, अल्बमच्या कामात ते फारसं जाणवणार नाही. जुनी ८ जीबीची पट्टी असेल तर नवीन तेवढीच एक घ्या, दोन्ही जोडीने लावा. पुढे भाव उतरले की वाढवता येईल. आजच्या भावात सहा दुकानं फिरून वाचणार नाहीत इतके पैसे इथे वाचतात.

आता बिलाचं, आणि हे नीट वाचा. दुकानदार म्हणतो बिल नको असेल तर २,००० सोडतो. तुमच्याकडे जीएसटी नंबर आहे. कॉम्प्युटरच्या पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो आपल्याला दिसणाऱ्या रेटमध्येच धरलेला असतो. ७०,००० च्या खरेदीत कराचा भाग होतो १०,६७८ रुपये. तुमचा नंबर घातलेलं पक्कं बिल असेल, मशीन धंद्यासाठी असेल आणि तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी ठोक दराने कर भरायची योजना) नसाल, तर हा कर तुम्हाला तुमच्या भरायच्या जीएसटीतून वळता करून मिळतो. म्हणजे तो २,००० सोडणार आणि तुम्ही १०,६७८ सोडणार. कंपोझिशनमध्ये असाल तर हा फायदा नाही, पण तरीही कच्च्या बिलावर घेऊ नका. सर्व्हिस सेंटर पहिल्यांदा बिलच मागतं. तुमच्या टॅक्सवाल्यांना एकदा विचारा, त्यांना ही रोजची गोष्ट आहे.

बिल बाहेरच्या राज्यातलं असलं तरी चालतं, त्यावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी) लागलेला असेल, तोही वळता होतो. अट एवढीच की विकणाऱ्याने आपलं रिटर्न भरलेलं हवं. तेव्हाच ते बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत, दिसतं. त्या व्हॉट्सअ‍ॅपवाल्या दुकानाचं तिथे काय दिसणार ते तुम्हीच ठरवा.

तर मी काय करेन ते सांगतो. यादी दुरुस्त करा: १२४०० बॉक्स, डीडीआर४ चा बोर्ड, बाकी तसंच. एसएसडी घेताना रेटबरोबर टीबीडब्ल्यू हा आकडा बघा, म्हणजे आयुष्यभरात किती टेराबाइट लिहून झेलेल, आणि वॉरंटी ३ वर्षांची की ५. एसएमपीएसमध्ये काटकसर नको. कॅबिनेटबरोबर फुकट येतो तो तर नकोच. ‘८० प्लस’चा शिक्का विजेची बचत दाखवतो, आतला माल कसा आहे ते दाखवत नाही, म्हणून चांगल्या कंपनीचा, ५ वर्षं वॉरंटीचा घ्या. आणि यादीत यूपीएस नाही! तुलना साइट तो सुचवत नाही, कारण तो कॉम्प्युटरचा पार्ट नाही. पण लग्नसराईत रात्री अकराला अल्बमचं काम चालू असताना लाइट गेली तर काय होतं ते तुम्ही मला सांगायला हवं, मी तुम्हाला नाही.

मग दुरुस्त यादी कागदावर काढून दुकानदाराकडे जा. मोबाइलची स्क्रीन त्याच्या तोंडासमोर धरू नका. सगळ्यांसमोर तसं केलं की माणूस अडून बसतो. शांतपणे बसून बोला. त्याच्या कोटेशनमध्ये बहुतेक ओळी वाजवी आहेत, हे मी आलेख बघून सांगतोय. दोनच ओळी चढ्या आहेत: मॉनिटर साधारण १,३०० ने आणि एसएसडी ८०० ने, तेही नीट नोंदणी असलेल्या दुकानांच्या रेटशी ताडून. तेवढ्या दोन ओळींवर बोट ठेवा. ‘दादा, एवढं खाली आणा, बाकी सगळं तुमच्याकडूनच घेते, बिल माझ्या जीएसटी नंबरवर पक्कं, आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर.’ बिल पक्कं मागताय आणि एकरकमी घेताय म्हटल्यावर तो ऐकेल असं मला वाटतं. मॉनिटर तर त्याच्याकडूनच घ्या, चालू करून बघून. पॅनल आयपीएस (रंग नीट दाखवणारी स्क्रीनची जात) हवा, तुमचं काम रंगाचं आहे. नवरीच्या शालूचा रंग स्क्रीनवर एक आणि छापून आल्यावर दुसरा, हा त्रास अर्धा तिथेच कमी होतो.

अजून एक विचारा: यातला कुठला पार्ट वॉरंटीत गेला तर तो स्वतः पाठवणार की तुम्हाला कोल्हापूरला हेलपाटा? बहुतेक पार्टची वॉरंटी कंपनीची असते, दुकानाची नव्हे. कंपन्यांच्या साइटवर जवळचं सर्व्हिस सेंटर शोधता येतं, ते आधीच बघून ठेवा. दोन बोर्डांत ३०० चा फरक असेल आणि एकाचं सेंटर कोल्हापुरात, दुसऱ्याचं मुंबईत, तर मी ३०० जास्त देईन.

दुकानदार अजिबात हललाच नाही, तर सगळं एका मोठ्या ऑनलाइन दुकानातून घ्या, दोन नाही, एकाच. अशी बरीच दुकानं जोडून, चालवून, तपासून पाठवतात. तुमच्या मशीनमध्ये जड ग्राफिक्स कार्ड नाही, त्यामुळे प्रवासात मोडतोडीचा धोकाही कमी. डिस्प्ले नाही आला तर फोन एकालाच करायचा, आणि तो दुसऱ्याकडे बोट दाखवू शकत नाही. पैसे क्रेडिट कार्डने भरलेत तर माल आलाच नाही तेव्हा बँकेकडे दाद मागता येते. यूपीआयने गेलेले परत आणणं फार अवघड.

वाईट वेळ आलीच तर: ऑनलाइन पैसे फसवून घेतले असतील तर पहिल्या तासाभरात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन. माल खराब आणि दुकान दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याला तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात द्यावं लागतं. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवर ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक धरलंय, आणि तक्रार तुमच्या जिल्ह्यात, कोल्हापूरच्या ग्राहक आयोगात करता येते. दुकान कोलकात्याचं का असेना.

विंडोजचं एक राहिलं. तुमच्या यादीत सगळ्यांत खाली ‘विंडोज की, ४५० रु.’ आहे. ती काढून टाका. इतक्या स्वस्तातल्या ‘की’ (विंडोज चालू करायचे परवाना-नंबर) बहुधा कुठल्यातरी कंपनीच्या घाऊक परवान्यातल्या असतात, उद्या बंद पडू शकतात. जुन्या मशीनवर खोक्यासकट विकत घेतलेलं विंडोज असेल तर ते नव्यावर हलवता येतं, दुकानदाराला विचारा.

जुनं मशीन लगेच भंगारात देऊ नका. नवं आलं की महिनाभर दोन्ही शेजारी ठेवा. जुन्या हार्डडिस्कवर नऊ वर्षांचे अल्बम आहेत, तुमचे फाँट आहेत, एखाद्या सॉफ्टवेअरचा हार्डवेअर लॉक (ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही ती किल्लीसारखी वस्तू) मागच्या पोर्टमध्ये खोचलेला असेल. रॅमची पट्टी त्यातून काढायची असली तर ती अगदी शेवटी काढा, सगळा डेटा उतरवून झाल्यावर. आणि पट्टीवर काय लिहिलंय ते मला कळवा. डीडीआर३ निघाली तर रॅमचं आपल्याला पुन्हा बसून बघावं लागेल.